खडीमशीनचा बेसवाला

संपत कोळपे मला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो एका प्रेसला टेकून डोळे मिटून उभा होता. चारशे टनी प्रेस. एक तळवा मशीनच्या अंगावर, दुसऱ्या हातात लांब स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक बेअरिंगवर टेकवलेलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावलेली. कानातले नारिंगी प्लग काढून त्यानं दोरीसकट गळ्यात सोडले होते. शॉपमध्ये प्लग काढायला सक्त मनाई होती. भिंतीवर तशी पाटीही होती, मराठीत आणि हिंदीत.

मी रांजणगावच्या त्या कारखान्यात क्वालिटीला नुकतीच लागले होते. शिरूरहून कंपनीच्या बसनं यायचे. दोन दिवसांपासून त्या प्रेसवरचे पार्ट मापात बसत नव्हते. फरक केसाएवढा, पण गिऱ्हाईक केसही मोजतं. डाय बदलून झाला, पत्रा बदलून झाला. मेंटेनन्सची माणसं डोकं खाजवत होती, आणि शेजारच्या मशीनवरचा हा कंत्राटी ऑपरेटर, कुणी सांगितलेलं नसताना, असा उभा.

"काय करताय?" मी विचारलं.

"कालपातूर ह्यो ई लावत हुता मॅडम," तो डोळे न उघडता म्हणाला. "आज जरा उतरलाय."

"ई म्हणजे?"

"सगळ्यात खालची तार." मग डोळे उघडून, माझ्या बुटांकडं बघत, "बेअरिंग चिरलंय. खोलून बघा म्हणावं."

बेअरिंग खोललं. नखानं चाचपावी लागेल अशी बारीक चीर निघाली. मेंटेनन्सच्या साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. तीन महिन्यांत संपत कंत्राटी ऑपरेटरचा पर्मनंट टेक्निशियन झाला. आमच्याकडं माणसं दहा-दहा वर्षं पर्मनंट व्हायची वाट बघतात. राहूला, त्याच्या गावी, घरी पेढे वाटले, मारुतीला नारळ फुटला. संपतनं आम्हालाही पेढा दिला, पण असा, की जणू दुसऱ्याच कुणाचा निरोप पोचवतोय.

पुढं ओळख वाढल्यावर तो मला म्हणाला, "मी वरीसभरासाठी आलो हुतो मॅडम. कंत्राटी हुतो तवर कवाबी जाता आलं असतं. पर्मनंट झालो तवाच अडकलो."

कुठं जायचं होतं, ते मला त्याच्याकडून एकदम कधीच कळलं नाही. कॅन्टीनमध्ये, चहाच्या टेबलावर, तुकड्या-तुकड्यानं कळलं. संपत मूळचा राहूचा. धनगराचं घर. आजोबांच्या काळापर्यंत मेंढरं होती, वडिलांनी ती विकून ऊस लावला. मेंढरं गेली तरी ढोल राहिला होता. त्याचे वडील, आबा, गजीत, म्हणजे धनगरांच्या नाचात, ढोल वाजवायचे. पंचक्रोशीत कुठंही गजीचा खेळ असला की आबांना बोलावणं यायचं. संपत डिप्लोमा करायला पुण्याला गेला, तिथं होस्टेलवर तीन पोरांनी बँड काढायचा घाट घातला होता. दोघांना गिटार हवी होती, तिसऱ्याला ड्रम. बेस, म्हणजे जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार, कुणालाच नको होती. बेसमध्ये दिसण्यासारखं काही नाही. ह्याची बोटं लांब, आणि हा कशालाही नाही म्हणत नसे. दिली गळ्यात.

"पयल्या दिशी एक तार वाजिवली," तो सांगायचा, "आन् पोटात आबांचा ढोल वाजला. म्हटलं, आरं, हे तर आपल्या घरचंच हाय."

बँडचं नाव त्यानंच ठेवलं. खडीमशीन. इंग्रजीतलं रॉक म्हणजे दगड, तर दगड फोडणारं यंत्र, असा त्यातला विनोद. पोरं आधी हसली, मग तेच नाव चिकटलं. मराठीत गाणी करायची. निखिल नावाचा पोरगा गायचा. चार वर्षं त्यांनी पुण्यातली कॉलेजं, हॉटेलं, गणपतीचे मांडव, जिथं गिटारीचा प्लग लावायला मिळेल तिथं वाजवलं. लोक ओळखू लागले होते. त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं 'पाणी सुटलंय'. त्याच्या सुरुवातीला आठ आवर्तनं नुसता संपतचा बेस होता, दुसरं काही नाही. नदीवरची मोटर सुरू होताना आधी घुमते, मग दम धरते, मग पाईपातून पाणी चढायला लागतं, तसं ते होतं म्हणे. मी तेव्हा ऐकलं नव्हतं.

ते गाणं रेकॉर्ड करायचं ठरलं, त्याच आठवड्यात आबांच्या अंगावरनं वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. संपत घरातला थोरला. महिनाभरासाठी म्हणून घरी आला. बँड तीन महिने थांबला. मग त्यांनी दुसरा बेसवाला घेतला. त्यात त्यांचं काही चुकलं असं संपत कधीच म्हणाला नाही. तो एवढंच म्हणायचा, "थांबलं हुते की. तीन महिनं कोण थांबतंय?"

तो कारेगावला खोली घेऊन राहायचा. बायको मनीषा लहान पोरीला घेऊन राहूला, आबांचं करायला. गुरुवारी कंपनीला सुट्टी, म्हणून बुधवारी शिफ्ट सुटली की मोटरसायकलवरून भीमेचा पूल ओलांडून घरी, आणि शुक्रवारी पहाटे परत. बेस गिटार खोलीवर होती. शेजारी बिहारकडची चार पोरं राहायची, वेगवेगळ्या शिफ्टची. त्यातलं एखादं कायम झोपलेलं असायचं. त्यामुळं हा स्पीकर न लावताच वाजवायचा. गिटारीच्या वरच्या टोकाला हनुवटी टेकवून. तसं केलं की आवाज हाडातून येतो म्हणे, बाहेर कुणाला त्रास होत नाही.

एकदा कॅन्टीनमध्ये असेंब्लीतल्या एका मुलीनं मोबाईलवर गाणं लावलं. फोन टेबलावर ठेवला. गाणं सुरू झाल्याची रेघ पुढं सरकत होती, पण आवाजच नाही.

"अय्या, डाउनलोड अर्धवट झालं वाटतं," ती म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं. पुन्हा शांतता.

संपत टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जेवत होता. म्हणाला, "थांबा. पुढं ढकलू नका. हाय तिथं."

"काय आहे?"

"बेस हाय. फोनात मावत न्हाई."

सगळी हसली. संपत मात्र पोळीचा घास हातात धरून ओठ हलवत मोजत राहिला. सात, आठ म्हणायला आणि फोनमधून ड्रम, गिटार, निखिलचा आवाज सगळं एकदम फुटायला एकच गाठ पडली. मुलगी चमकून त्याच्याकडं बघायला लागली. "दादा, तुम्हाला कसं कळलं?"

"ऐकल्यालं हाय," तो म्हणाला आणि जेवायला लागला.

हे गाणं मुळात ह्याचंच, असं मी त्या दिवशी सांगणार होते त्या मुलीला. त्यानं माझ्याकडं बघून बारीक मान हलवली, म्हणून गप्प बसले.

राहूला मी एकदाच गेले, त्यांच्या गावच्या जत्रेला. माझे मिस्टरही होते बरोबर. बोकडाचं जेवण झालं, पाहुणे ओसरीवर पसरले. संपतच्या आत्यानं आग्रह धरला, "आरं, पुण्याला जाऊन एवढं शिकलास, कवा आमाला वाजवून दावलं न्हाईस. एखादं गाणं वाजीव की!" त्यानं त्या दिवशी बेस आणली होती, तेही मनीषाच्या सांगण्यावरून. छोटा स्पीकर जोडला आणि वाजवू लागला. आत्या हनुवटीवर हात ठेवून बसली. बाकीचे पाहुणेही कौतुकानं बसले. दोन मिनिटं गेली, तीन गेली.

"तयारी झाली आसंल तर आता गाणं सुरू कर," आत्या म्हणाली.

"ह्येच हाय आत्या."

"ह्येच?" ती बिचारी ओशाळली. "बरं हाय की मग. वाजीव."

मला हसू आवरेना. तेवढ्यात ठक् ठक् असा आवाज येऊ लागला. कोपऱ्यात खाटेवर आबा होते. उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला, पण डाव्या हाताची बोटं खाटेच्या गात्यावर, कडेच्या लाकडावर, पडत होती. संपतच्या तालावर नव्हे, त्याच्या मधल्या मोकळ्या जागेत, जिथं ढोलाची दुसरी थाप पडते तिथं. संपतनं मान वर केली. बापलेक एकमेकांकडं बघत वाजवत राहिले. पाहुण्यांची कुजबुज थांबली. एका ठिकाणी संपतचं बोट घसरलं, तर आबांचा हात हवेतच थांबला आणि त्यांनी घशातून "हूंऽ" केलं. रागावून. संपतनं मागं जाऊन ती जागा पुन्हा घेतली, तेव्हा हात खाली आला.

निघताना तो आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आला. म्हणाला, "आख्ख्या राहूत एकट्या आबांना कळतं मॅडम. आन् त्यांच्यापायीच मी हिथं हाय." आवाजात तक्रार नव्हती. कोंडलेल्या माणसाला दाराचा रंग विचारावा आणि त्यानं तो सांगावा, तसं काहीसं.

त्याच वर्षी गिऱ्हाईकाचं मोठं ऑडिट होतं. सगळ्या विभागांच्या फायली मी तपासत होते. त्यात कामगारांच्या वार्षिक कान-तपासणीचे कागद होते. सहज संपतचा कागद बघितला. मग त्याच्या आदल्या वर्षीचा, मग त्याच्याही आदल्याचा. पाच आलेख. खालच्या सुरांना रेघ सरळ होती. उंच सुरांकडं मात्र दर वर्षी थोडी जास्त घसरत गेली होती, आणि शेवटच्या कागदावर खड्ड्यात पडावी तशी पडली होती. खाली डॉक्टरांची सही आणि एक ओळ: मोठ्या आवाजाच्या जागेतून हलवावे. कुणी हलवलं नव्हतं. कसं हलवणार? तिन्ही शिफ्टला कुठलंही मशीन कुरकुरलं की "संपतला बोलवा" असंच चालायचं, आणि संपत आला की पहिलं काम म्हणजे कानातले प्लग काढायचा. प्लग घालून मशीन ऐकू येत नाही.

मी त्याला गाठून विचारलं. त्यानं माझ्या हातातल्या फाईलकडं बघितलं.

"पक्ष्यांचं कवाच गेलं," तो म्हणाला. "पोरीचं रडणं बी लांबनं येतं. पर खालचं समदं येतंय."

"मी वर कळवते."

"फाईल बंद करा मॅडम. मला पॅकिंगला टाकतील. हिथं निदान कान तरी कामाला येत्यात."

मी फाईल बंद केली. ऑडिटमध्ये त्या पानावर कुणी बोट ठेवलं नाही, आणि आमच्या विभागाचं कौतुक झालं. हे मी आज लिहिते आहे, तेव्हा लिहायला हवं होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी निखिल कारेगावला आला. मोटारीतून, केस वाढवलेला, पत्ता विचारत विचारत. त्यांचा बेसवाला परदेशी चालला होता. पुण्यापासून सुरुवात करून वीस दिवस गावोगावी कार्यक्रम लागले होते, आणि त्यानंतर नवा अल्बम. "संप्या, तुझी जागा आहे. तुझीच होती," तो म्हणाला.

संपतनं रजेचा अर्ज दिला. साहेबांनी तो वाचलासुद्धा नाही. "नवी लाईन बसतेय, संपत. तू गेलास तर ऐकणार कोण?" तेव्हा ह्यानं राजीनामा लिहिला. माझ्याकडूनच शुद्धलेखन तपासून घेतलं. मला वाटलं होतं, आता घरून विरोध होईल. तसं काही झालं नाही. मनीषा त्याला म्हणाली, "जावा तुम्ही. आबांचं मी करते, आजवर कोण करतंय? तुम्ही हिथं असून बी कुठं असताय?" दार सताड उघडं होतं. राजीनामा खिशात घेऊन तो दोन गुरुवार पुण्याला तालमीला गेला.

दुसऱ्या गुरुवारनंतर तो कामावर आला तो चेहरा पाडून. काय झालं ते त्यानं चहाच्या टेबलावर मला सांगितलं. ड्रमवाला गाणं सुरू करताना दोन काठ्या एकमेकींवर चार वेळा आपटतो. टक, टक, टक, टक. त्यावर सगळे एकदम सुटतात. सगळे सुटले, आणि संपत तसाच उभा राहिला.

"मला वाटलं अजून काउंट दिलाच न्हाई. तो म्हनला, आरं किती येळा देऊ? परत दिला. मला त्याच्या काठ्या हालताना दिसल्या, आवाज न्हाई. झांजा बी न्हाईत. निख्याचा आवाज आला, पर सबुद न्हाई. भिंतीपलीकडं कुणी बोलतंय आसं." त्यानं कप बाजूला सरकवला. "मी दम लागला म्हनून भाईर जाऊन बसलो."

"त्यांना सांगितलंत?"

"न्हाई."

पुण्याच्या पहिल्या कार्यक्रमाला मी आणि मिस्टर गेलो. एका कॉलेजचं मैदान, उन्हं उतरायची वेळ, पोरांची ही गर्दी. मी असल्या कार्यक्रमाला जन्मात गेले नव्हते. संपत काळ्या शर्टात होता, पायात कंपनीचे सेफ्टी शूज. पण तो आमच्याकडं तोंड करून उभाच राहिना. ड्रमवाल्याच्या अगदी जवळ, अर्धी पाठ लोकांकडं, नजर त्याच्या काठ्यांवर खिळलेली. पहिली पाच-सहा गाणी त्यानं डोळ्यांनी वाजवली. शेजारचा पोरगा मित्राला म्हणाला, "नवीन बेसवाला लाजतोय बघ." दर गाणं सुरू होताना मी त्याच्या खांद्यांकडं बघत होते.

शेवटी निखिलनं गाण्याचं नाव सांगितलं आणि मैदान ओरडलं. संपत वळला. चालत पार पुढं, मंचाच्या काठापर्यंत आला. ह्या गाण्याला काउंट नव्हता. हे त्याच्यापासून सुरू होत होतं, बाकीच्यांनी त्याच्या मागून यायचं होतं. त्यानं पहिली तार छेडली आणि माझ्या पायाखालची जमीन घुमली. छातीचं हाड घुमलं. मोटर सुरू झाली, अडखळली, दम धरला, पाणी चढायला लागलं. कॅन्टीनमध्ये नुसती शांतता म्हणून जे ऐकलं होतं ते हे होतं. हजारभर पोरं उड्या मारायची थांबून नुसती डोलत होती. ड्रमवाला आता ह्याच्या हाताकडं बघत होता. मिस्टरांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "अगं, हा आपल्या जत्रेतला का?"

नंतर आम्ही मंचामागं गेलो. निखिल त्याला मिठी मारून पुढच्या गावाबद्दल काहीबाही बोलत होता. संपतनं त्याचे हात हळूच सोडवले.

"निख्या, मला तुमचं काय ऐकू येत न्हाई."

निखिल हसला. "मलापण येत नाहीये. स्पीकर बघ ना केवढे!"

"तसं न्हाई रं. तुझं गाणं मला आलंच न्हाई. मी काठ्या बघून वाजिवलं."

निखिलचं हसू तोंडावरच राहिलं. मग म्हणाला, "मग बघून वाजव. आज जमलंच की!"

"आज जमलं. वीस दिस न्हाई जमायचं. एखाद्या गावी त्याच्या हातावर उजेड नसंल, आन् मी तुमाला समद्यांना घिऊन बुडंन." त्यानं गिटार पेटीत ठेवली, पेटीच्या दोन्ही कड्या लावल्या. "दुसरा बघ. त्या शेवटच्या गाण्याचा पयला तुकडा मी त्याला शिकवतो पायजे तर."

परतीच्या वाटेवर त्याला आम्ही आमच्या गाडीत घेतलं. शिक्रापूर येईपर्यंत तो गिटारीची पेटी मांडीवर धरून बसला होता. मला ती बंद केलेली फाईल आठवत होती.

दुसऱ्या दिवशी तो शिफ्टला हजर. राजीनामा फाडून टाकलेला. पण साहेबांनी दोन नंबरच्या प्रेसजवळ बोलावलं तेव्हा गेला, आणि प्लग काढले नाहीत. "आता मी ऐकणार न्हाई साहेब," तो म्हणाला. "कंप मोजायचं मशीन मिळतंय. त्ये घ्या." साहेब चिडले, कामचुकारपणा म्हणाले. तेव्हा संपतनं आपल्या कान-तपासणीचे पाचही कागद खिशातून काढून त्यांच्या हातात दिले. त्याच्या फाईलमधून ते काढून दिले होते मी. एवढं एकच मी वेळेवर केलं, तेही वेळ गेल्यावर. त्याची बदली स्टोअरला झाली. जाळीमागं बसून नटबोल्ट द्यायचे. पुढं कंप मोजायचं मशीन आलं. ते चांगलं चालतं म्हणतात. संपतबद्दल शॉपमध्ये कुणी फारसं बोलेनासं झालं.

दोन वर्षांनी मिस्टरांची बदली झाली आणि मी नोकरी सोडली.

त्यानंतर तो मला एकदाच दिसला. दौंडहून पुण्याला एसटीनं येत होते. यवतला बाजाराचा दिवस असावा. हायवेवर वाहनं खोळंबली होती. खिडकीतून बघते तर हातभर अंतरावर मोटरसायकलवर संपत. केस पिकले होते. मागं आबा. एक लांब धोतर दोघांच्या कमरेभोवती फिरवून पुढं गाठ मारलेली, आबा पडू नयेत म्हणून. हँडलला दवाखान्याची पिशवी अडकवलेली.

मी ओरडले, "कोळपे! ओ कोळपे!"

तो समोर बघत राहिला. मी खिडकीतून हात बाहेर काढून पुन्हा जोरात हाक मारली. आजूबाजूचे चार जण वळले, तो नाही. आबांनी मात्र मान वळवली. मला ओळखलं. चेहरा उजळला, तोंड उघडलं, पण त्यातून काही निघालं नाही. मग त्यांनी डाव्या हातानं लेकाच्या पाठीवर दोनदा थोपटलं, आणि माझ्याकडं बोट केलं.

संपतला वाटलं, आबा म्हणतायत चल. पुढं जराशी वाट झाली होती. त्यानं गिअर टाकला, मागं हात नेऊन गाठ घट्ट आहे ना ते चाचपलं, आणि गाडी दोन ट्रकांच्या मधून पुढं काढली. आबा मान वळवून मागं बघत राहिले, बोट अजून माझ्याकडंच होतं.